संयोगचिन्हानंतरचा माणूस : बर्टिल ओहलिन यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अर्थशास्त्र शिकवतो. आंतरराष्ट्रीय व्यापाराचं प्रकरण आलं की फळ्यावर 'हेक्शर-ओहलिन सिद्धांत' असं लिहायचं, दोन देश, दोन वस्तू आणि दोन उत्पादन घटक घ्यायचे आणि आकृती काढायची, हा दरवर्षीचा शिरस्ता. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे ओहलिन पुढे काय करायचे?" राजकारणात होते, एवढंच तेव्हा मला सांगता आलं. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं, की सिद्धांत लिहून झाल्यावर या गृहस्थांनी तेवीस वर्षं एक पक्ष चालवला आणि तेवीसही वर्षं पंतप्रधानपदाने त्यांना हुलकावणी दिली. त्यानंतर मुलांनी वर्गात, स्टाफरूमच्या दारात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे.

ओहलिन नेमके कोण?

स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ आणि उदारमतवादी राजकारणी. जन्म २३ एप्रिल १८९९, मृत्यू ३ ऑगस्ट १९७९. १९३८ ते १९७० अशी सलग बत्तीस वर्षं ते स्वीडनच्या संसदेत, म्हणजे रिक्सदागमध्ये होते. १९४४ ते १९६७ या काळात फोल्कपार्तिएत (शब्दशः 'लोकपक्ष') या उदारमतवादी पक्षाचे अध्यक्ष. १९७७ साली अर्थशास्त्राचं नोबेल.

'ओहलिन' की 'ऊलीन'?

स्वीडिश माणूस 'ऊलीन' म्हणतो आणि जोर शेवटच्या 'लीन'वर देतो. आपली पाठ्यपुस्तकं इंग्रजी स्पेलिंग बघून 'ओहलिन' छापतात. आता तेच रुळलं आहे, म्हणून इथेही तेच ठेवलं. तोंडी परीक्षेत 'ऊलीन' म्हणालात तर परीक्षक बुचकळ्यात पडेल.

हेक्शर आणि ओहलिन यांनी मिळून सिद्धांत मांडला ना?

नाही. उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. 'हेक्शर व ओहलिन या दोन मित्रांनी' असंही एकाने लिहिलं होतं.

एली हेक्शर हे गुरू, ओहलिन शिष्य. वयात वीस वर्षांचं अंतर. हेक्शर यांनी १९१९ साली एका स्वीडिश नियतकालिकात लेख लिहिला. तो स्वीडिशमध्ये असल्यामुळे बाहेर फारसा कुणी वाचला नाही. ओहलिन यांनी तो धागा पकडून १९२४ साली स्टॉकहोममध्ये डॉक्टरेटचा प्रबंध केला आणि १९३३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाकडून इंग्रजीत जाडजूड ग्रंथ काढला. जगाला सिद्धांत कळला तो या ग्रंथातून. दोघांच्या नावांमधलं संयोगचिन्ह नंतरच्या लोकांनी टाकलं.

गंमत अशी, की राजकीय मतांत गुरुशिष्यांचं पटलं नाही. हेक्शर जुन्या वळणाचे, सरकारने बाजारात ढवळाढवळ करू नये म्हणणारे. शिष्याने तीसच्या दशकात नेमकी ढवळाढवळीचीच बाजू घेतली. ती का, हे पुढे येईल.

सिद्धांत एका परिच्छेदात सांगाल का?

ज्या देशात जे मुबलक, ते तिथे स्वस्त. आणि जे स्वस्त, ते भरपूर वापरून होणारी वस्तू तो देश बाहेर विकणार. ऑस्ट्रेलियात जमीन अफाट, माणसं थोडी, म्हणून तिथून गहू आणि लोकर निघते. इंग्लंडमध्ये भांडवल आणि मजूर दाट, जमीन तुटपुंजी, म्हणून तिथून कारखान्याचा माल येतो. म्हणजे गव्हाच्या पोत्यातून ऑस्ट्रेलिया एका अर्थी आपली जमीनच जहाजावर चढवत असतो.

याला एक शेपूट आहे आणि राजकारणाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. व्यापार वाढला की देशाचा एकूण फायदा होतो, पण देशातल्या सगळ्यांचा होतोच असं नाही. ज्याच्याकडे मुबलक घटक (जमीन, मजूर किंवा भांडवल) आहे तो वर येतो, ज्याच्याकडे दुर्मीळ आहे त्याला झळ बसते. १९४१ साली स्टॉल्पर आणि सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी हे गणिताने बांधून दाखवलं. वाटप हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे ओहलिन यांच्या राजकारणातही सतत दिसतं.

ते वाढले कुठे? घरची परिस्थिती कशी होती?

दक्षिण स्वीडनच्या स्कोने प्रांतात क्लिप्पान नावाचं गाव आहे, तिथे. वडील सरकारी नोकरीत, कायदा-वसुलीच्या खात्यात. भावंडं सात. मध्यमवर्गीय, पुस्तकं असलेलं, पण पैशांचा हिशेब ठेवावा लागणारं घर. ओहलिन स्वतःच सांगत, की पाच वर्षांचा असताना आई जे केक भाजायची, त्यातला कोणता केवढ्याला पडला याचा हिशेब करायला मला आवडायचं. लोणी, साखर, अंडी आणि शेवटी प्रत्येक प्रकाराची किंमत.

सोळाव्या वर्षी ते लुंड विद्यापीठात गेले. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय घेऊन दोन वर्षांत, १९१७ साली पदवी. तेवढ्यात वर्तमानपत्रात महायुद्धाच्या अर्थकारणावरच्या हेक्शर यांच्या पुस्तकाचं परीक्षण वाचनात आलं आणि ठरलं, की याच माणसाकडे शिकायचं. मग स्टॉकहोमची वाणिज्य संस्था, तिथून स्टॉकहोम विद्यापीठात गुस्ताव कासेल यांच्या हाताखाली, मग काही काळ केंब्रिज आणि हार्वर्ड. १९२५ साली, वयाच्या पंचविशीत, कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक. पाच वर्षांनी स्टॉकहोमला परत, हेक्शर यांच्याच खुर्चीवर. ती खुर्ची त्यांनी १९६५ पर्यंत सोडली नाही, पक्षाध्यक्ष असतानाही.

केन्सशी त्यांचा वाद झाला होता म्हणे?

झाला, १९२९ साली, केन्स ज्याचे संपादक होते त्याच नियतकालिकात. ओहलिन तेव्हा तिशीचे, केन्स जगप्रसिद्ध ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ.

पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीने विजेत्यांना भरपाई द्यायची होती. केन्स म्हणत, पैसे देण्यासाठी जर्मनीला निर्यात वाढवावी लागेल, निर्यात वाढवायला माल स्वस्त करावा लागेल, म्हणजे भरपाईवर आणखी एक भुर्दंड. ओहलिन यांनी साधी गोष्ट दाखवली. माझ्या खिशातले शंभर रुपये तुमच्या खिशात गेले, की माझी खरेदी घटते तशी तुमची वाढतेही. जर्मनांनी हात आखडला तर फ्रेंचांचा हात सैल होईल, आणि त्या वाढलेल्या खरेदीत जर्मन मालही असेल. मग किंमत पाडायची गरज वाटते तेवढी नाही.

यातली मजा वर्गात सांगितली की हुशार मुलांचे डोळे लकाकतात. उत्पन्न हललं की मागणी हलते, हा विचार पुढे केन्स यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. १९२९ च्या त्या वादात मात्र तो ओहलिन मांडत होते आणि केन्स किमतींना धरून बसले होते.

चांगला प्राध्यापक राजकारणात का गेला?

बेकारीमुळे, हे थोडक्यात उत्तर.

१९३१ साली राष्ट्रसंघासाठी (लीग ऑफ नेशन्स) जागतिक मंदीचा अहवाल ओहलिन यांनीच लिहिला. स्वीडनमध्ये कारखाने बंद पडत होते आणि त्यांच्या गुरूंची पिढी सांगत होती, मजुरी उतरू द्या, सगळं आपोआप जागेवर येईल. तरुण स्वीडिश अर्थशास्त्रज्ञांना हे पटेना. ओहलिन, गुन्नार म्युर्दाल आणि त्यांचे साथीदार सरकारच्या बेकारी समितीसाठी काम करत होते. ओहलिन यांचा भाग १९३४ साली आला : मंदीत सरकारने खर्च वाढवावा, सार्वजनिक कामं काढावीत. केन्स यांचा प्रसिद्ध ग्रंथ यायला अजून दोन वर्षं होती. या मंडळींना 'स्टॉकहोम संप्रदाय' हे नाव १९३७ साली ओहलिन यांनीच एका लेखात दिलं.

शिवाय त्यांना वर्तमानपत्री लेखणीची सवय होती. स्टॉकहोमच्या एका दैनिकात ते वर्षानुवर्षं लिहीत, अशा लेखांची संख्या हजाराच्या वर जाते. एवढं लिहिणारा माणूस राजकारणाच्या उंबऱ्यावर उभाच असतो. १९३४ साली लोकपक्षाच्या युवक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले, १९३८ साली संसदेत आले.

'उदारमतवादी' म्हणजे इथे काय समजायचं? बाजारवादी? की आपल्या नेमस्तांसारखं?

हा प्रश्न मराठी वाचकालाच पडतो. 'उदारमतवादी' म्हटलं की आपल्याला रानडे-गोखले आठवतात आणि 'उदारीकरण' म्हटलं की १९९१. ओहलिन यांना दुसऱ्या खोक्यात टाकणं चूक. पहिल्याशी मात्र थोडं नातं लागतं : राज्यसंस्थेने उद्योगाला हात द्यावा असं म्हणणारे रानडेही 'सरकारने हात बांधून बसावं' या पंथाचे नव्हते.

स्वतःच्या भूमिकेला ओहलिन सामाजिक उदारमतवाद म्हणत. १९३६ च्या एका पुस्तकात त्यांनी ती नीट मांडली. सरकारने चौकट आखावी : बेकारी रोखावी, आजारपण-म्हातारपणाची सोय बघावी, मक्तेदारी मोडावी. पण त्या चौकटीत कारखाना कुणी काढायचा आणि काय बनवायचं, हे सरकारने ठरवू नये. थोडक्यात, मैदान आखायचं, नियम करायचे, पंच नेमायचे, पण बॅट हातात घ्यायची नाही. उजवे त्यांना अर्धे समाजवादी म्हणत, समाजवादी त्यांना भांडवलदारांचे वकील. दोन्हीकडून मार खायची ही जागा त्यांनी आपणहून निवडली होती.

त्यांचा पक्ष कसा होता?

विचित्र जमावाचा. स्वीडिश उदारमतवादी १९२३ साली फुटले होते, आणि कारण होतं दारू. १९२२ साली दारूबंदीवर सार्वमत झालं, ५१ टक्के विरुद्ध ४९ टक्के अशा निसटत्या फरकाने बंदी फेटाळली गेली आणि त्या वादात पक्षाचे दोन तुकडे झाले. एका बाजूला खेड्यापाड्यांतले मद्यविरोधी, राज्याच्या चर्चपासून वेगळ्या निघालेल्या मंडळ्यांचे भाविक लोक. दुसऱ्या बाजूला शहरी वकील, संपादक, प्राध्यापक. १९३४ साली दोघं पुन्हा एकत्र आले आणि लोकपक्ष जन्मला. चहाच्या किटलीजवळ बसणारे आणि वाइनचा पेला धरणारे एकाच तंबूत. ओहलिन यांनी यात तिसरा गट आणला, पगारदार मध्यमवर्ग. पुढे याच वर्गाने त्यांना वर नेलं आणि खालीही आणलं. २०१५ पासून पक्षाचं नाव 'लिबेरालेर्ना' आहे.

ते मंत्री होते का?

जेमतेम दहा महिने. दुसऱ्या महायुद्धात स्वीडनमध्ये चार पक्षांचं संयुक्त सरकार होतं, पंतप्रधान पेर आल्बिन हान्सन. सप्टेंबर १९४४ मध्ये ओहलिन व्यापारमंत्री झाले, त्याच वर्षी पक्षाध्यक्षही. जुलै १९४५ मध्ये संयुक्त सरकार संपलं. त्यांच्या जागी आले गुन्नार म्युर्दाल, तरुणपणीचे तेच सहकारी, आता समाजवादी लोकशाही पक्षाचे मंत्री.

१९४८ ची निवडणूक एवढी गाजली का?

कारण तेव्हा 'आता सुगी आली' असं समाजवाद्यांना खरोखर वाटत होतं. युद्धकाळात सरकारच्या हाती आलेलं नियंत्रण शांततेतही ठेवायचं, काही उद्योग राष्ट्रीय मालकीचे करायचे, अर्थव्यवस्था योजनेने चालवायची, असा त्यांच्या १९४४ च्या कार्यक्रमाचा रोख होता. शब्दही तोच वापरला गेला, सुगीचा हंगाम. पेरणी झाली, आता कापणी.

ओहलिन यांनी याच्याविरुद्ध रान उठवलं. भाषणं प्राध्यापकी, आकड्यांनी भरलेली, पण हवा त्यांच्या बाजूची होती. युद्धानंतर मंदी येणार असा म्युर्दाल यांचा होरा होता, आली टंचाई आणि महागाई. आयात फुगली, परकीय चलनाचा साठा आटला, १९४७ साली आयातीवर पुन्हा बंधनं घालावी लागली. कॉफीचं रेशनिंगही परत आलं. स्वीडिश घरात दिवसातून कितीदा कॉफीचं भांडं चढतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका रेशनकार्डाचं राजकीय वजन वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी म्युर्दाल मंत्रिपदावरून गेले.

सप्टेंबर १९४८ मध्ये निकाल लागला. कनिष्ठ सभागृहात लोकपक्ष २६ जागांवरून थेट ५७ वर, मतं जवळपास २३ टक्के. पण जरा बारकाईने बघा. सत्ताधारी समाजवादी ११५ वरून ११२ वर आले, म्हणजे फक्त तीन जागा गेल्या. ओहलिन यांनी सगळ्यांत जास्त जागा घेतल्या त्या उजव्या पक्षाच्या : ३९ वरून २३. शेजाऱ्याचं शेत कापून आणलेलं पीक होतं ते. बिगरसमाजवादी विरोधकांची सगळी गोळाबेरीज बहुमताच्या अलीकडेच राहिली.

मग पंतप्रधान का झाले नाहीत? २४ टक्के मतं कमी आहेत का?

१९५२ साली लोकपक्षाने २४.४ टक्के मिळवली, तो कळस. तरी नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी आड आल्या.

पहिली, संसदेची रचना. १९७० पर्यंत रिक्सदागला दोन सभागृहं होती. वरिष्ठ सभागृह स्थानिक परिषदांतून, आठ वर्षांच्या मुदतीने आणि टप्प्याटप्प्याने निवडलं जाई. आपल्या विधान परिषदेतल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागा डोळ्यांपुढे आणा. मतदाराने मत बदललं तरी वरच्या सभागृहात ते झिरपायला वर्षं लागत, आणि तिथे समाजवाद्यांची पकड पक्की होती. एकच सभागृह असावं यासाठी ओहलिन यांनी वर्षानुवर्षं आग्रह धरला. १९७१ पासून तसं झालं, पण तोवर ते संसदेतून बाहेर पडले होते.

दुसरी, शेतकरी पक्ष. गुन्नार हेडलुंड नावाचे हिशेबी नेते त्या पक्षाचे सूत्रधार. १९५१ ते १९५७ ते समाजवाद्यांबरोबर सरकारात होते. १९५६ च्या निवडणुकीत तीन बिगरसमाजवादी पक्षांच्या जागा ११९, समाजवादी आणि कम्युनिस्ट मिळून ११२. कागदावर बहुमत होतं, पण हेडलुंड पलीकडच्या पंक्तीला जेवत होते. १९५७ साली ती आघाडी तुटली तेव्हा राजाने ओहलिन आणि उजव्यांचे नेते यार्ल याल्मारसॉन यांना सरकार बनतं का बघायला सांगितलं. हेडलुंड यांनी नकार दिला. पंतप्रधानपदाच्या सर्वांत जवळ ओहलिन पोचले ते तेव्हा.

तिसरी, पेन्शन. तिला वेगळा प्रश्नच द्यायला हवा.

पेन्शनचा तो वाद काय होता?

स्वीडनमध्ये सगळ्यांना सारखं मूळ निवृत्तिवेतन मिळत होतं, पण ते तोकडं. सरकारी आणि वरच्या पगारदारांना त्यावर जादा पेन्शन असे, कामगारांना नसे. ही दरी बुजवायची, यावर फारसं दुमत नव्हतं. भांडण कशी बुजवायची याचं.

समाजवादी म्हणाले, कायदा करा, सक्तीची जादा पेन्शन, पैसा मोठ्या सार्वजनिक निधीत. शेतकरी पक्ष म्हणाला, मूळ पेन्शन वाढवा, वरचं ऐच्छिक. ओहलिन आणि उजवे म्हणाले, जादा पेन्शन हवीच, पण ती मालक आणि कामगार यांच्यातल्या करारांनी यावी. ओहलिन यांना धास्ती त्या निधीची होती. देशाच्या बचतीचा एवढा मोठा हिस्सा एका सार्वजनिक तिजोरीत गेला की राष्ट्रीयीकरणाची वेगळी गरजच उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

१३ ऑक्टोबर १९५७ ला सार्वमत झालं. तीन पर्याय : समाजवाद्यांचा ४५.८ टक्के, ओहलिन-उजव्यांचा ३५.३, शेतकरी पक्षाचा १५. निम्म्याच्या वर कुणीच नाही, त्यामुळे जो तो म्हणे आपणच जिंकलो. सरकार पडलं, विधेयक अडलं, १ जून १९५८ ला कनिष्ठ सभागृहाची मुदतपूर्व निवडणूक लागली. लोकपक्ष ५८ वरून ३८ वर कोसळला. कारकून, तंत्रज्ञ, शिक्षक असा जो पगारदार वर्ग ओहलिन यांनी जमवला होता, त्यातल्या अनेकांना सरकारी हमीची पेन्शन हवी होती. तत्त्व प्राध्यापकाचं होतं, म्हातारपण मतदाराचं.

आणि तरीही खेळ संपला नव्हता. नव्या सभागृहात समाजवादी १११ अधिक कम्युनिस्ट ५ म्हणजे ११६. समोर ११५. पण सभापती समाजवादी, आणि सभापतीला मत नाही. म्हणजे ११५ विरुद्ध ११५.

१४ मे १९५९. मतदान सुरू होतं. लोकपक्षाच्या बाकांवर गोथेनबर्गचे तूरे कोनिग्सॉन बसले आहेत, स्वतः कामगार. पक्षादेश विरोधाचा आहे. ज्या कामगारांत ते वाढले, त्यांना ही पेन्शन मिळू नये यासाठी हात वर करायचा, हे त्यांना जमेना. बाजूनेही मत दिलं नाही. ते तटस्थ राहिले. ११५ विरुद्ध ११४. विधेयक पास.

कल्याणकारी राज्याचं एवढं मोठं घर एका माणसाच्या गप्प बसण्यावर उभं राहिलं, आणि तो माणूस ओहलिन यांच्याच पक्षाचा होता. वर्गात इथे मी थोडा थांबतो.

पुढे त्या पेन्शनचं काय झालं?

लोकांना आवडली. १९६० च्या निवडणुकीत ती मोडू म्हणणाऱ्या उजव्यांना मतदारांनी फटकारलं, लोकपक्षाने शहाणपणाने तिचा स्वीकार केला. निधी भराभर फुगला आणि त्यातून स्वीडनच्या घरबांधणीला प्रचंड कर्जपुरवठा झाला. निधी मोठा होणार हा ओहलिन यांचा अंदाज बरोबर निघाला. त्याने देश समाजवादी होईल हा अंदाज मात्र चुकला.

एर्लांडर यांच्याशी त्यांचे संबंध कसे होते?

समाजवाद्यांचे नेते टागे एर्लांडर १९४६ ते १९६९ पंतप्रधान. तेही तेवीस वर्षं. म्हणजे एकाची तेवीस वर्षं या बाकावर, दुसऱ्याची समोरच्या. दोघंही लुंडचे विद्यार्थी. सभागृहात एर्लांडर मिश्कील, ओहलिन मुद्देसूद आणि किंचित दुखावल्यासारखे. एर्लांडर यांच्या रोजनिशा पुढे छापून आल्या, त्यांत ओहलिन यांच्यावरचा वैताग जागोजाग आहे. दर वादात आकडे घेऊन उभं राहणारा अर्थशास्त्राचा प्राध्यापक समोर असेल तर वैताग येणारच. एर्लांडर सरकारची अनेक कामं बघितली तर पूर्ण रोजगाराची, मंदीत खर्च वाढवण्याची कल्पना ओहलिन यांना अजिबात परकी नव्हती. भांडण बहुतेकदा 'किती' आणि 'कुणी' यांवर असायचं.

त्यांनी पद केव्हा सोडलं?

१९६७ साली, स्वेन वेडेन यांच्या हाती पक्ष देऊन. वर्षभर आधीच्या स्थानिक निवडणुकांत समाजवादी ४२ टक्क्यांपर्यंत घसरले होते, म्हणजे दार किलकिलं झाल्यासारखं दिसत होतं. पण ओहलिन अडुसष्ट वर्षांचे होते. १९६८ साली समाजवादी पुन्हा दणक्यात जिंकले. पक्षाध्यक्ष असतानाच ओहलिन उत्तर युरोपीय देशांच्या नॉर्डिक परिषदेचे दोनदा अध्यक्ष होते, १९५९ आणि १९६४ साली.

नोबेल इतक्या उशिरा का?

अर्थशास्त्राचा हा पुरस्कारच १९६९ पासून सुरू झाला. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने तो नोबेल यांच्या स्मरणार्थ ठेवला आहे. ओहलिन यांना १९७७ साली मिळाला, इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्याबरोबर विभागून, आंतरराष्ट्रीय व्यापार आणि भांडवलाच्या हालचालींवरच्या कामासाठी. १९३३ चा ग्रंथ आणि १९७७ चा सन्मान, मध्ये चव्वेचाळीस वर्षं. हेक्शर १९५२ सालीच वारले होते, म्हणून संयोगचिन्हाच्या अलीकडचं नाव त्या यादीत नाही. म्युर्दाल यांना तीन वर्षं आधीच, १९७४ साली मिळालं होतं.

कुटुंबात आणखी कुणी राजकारणात?

मुलगी. आन विब्बले, जन्म १९४३. वडिलांच्याच संस्थेत अर्थशास्त्र शिकल्या, वडिलांच्याच पक्षात आल्या आणि १९९१ साली स्वीडनच्या पहिल्या महिला अर्थमंत्री झाल्या. वडिलांना जे मिळालं नाही ते तिला मिळालं, पण मुहूर्त कसला! बँका बुडायला आलेल्या, बेकारी चढलेली, सट्टेबाज क्रोना या स्वीडिश चलनावर तुटून पडलेले. सप्टेंबर १९९२ मध्ये चलन वाचवायला मध्यवर्ती बँकेने आपला व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला. हो, पाचशे. तरी १९ नोव्हेंबरला क्रोना सोडून द्यावाच लागला. २००० साली, साठीही न गाठता, त्या गेल्या.

भारताशी किंवा महाराष्ट्राशी काही धागा?

व्यक्ती म्हणून नाही, सिद्धांत म्हणून आहे. १९५३ साली अर्थशास्त्रज्ञ लिओन्तिएफ यांनी अमेरिकेचे आकडे तपासले आणि निकाल सिद्धांताच्या उलटा आला : भांडवल मुबलक असलेला देश श्रमप्रधान माल विकत होता. मग देशोदेशी तपासण्या सुरू झाल्या. भारताची तपासणी मुंबई विद्यापीठात आर. भारद्वाज यांनी केली, १९६२ साली ती प्रसिद्ध झाली. एकूण व्यापारात भारत सिद्धांताप्रमाणे वागत होता, श्रमप्रधान माल बाहेर आणि भांडवलप्रधान माल आत. फक्त अमेरिकेशी असलेल्या व्यापारात चित्र पालटलेलं. पदव्युत्तर वर्गाला मी हे आवर्जून सांगतो, कारण बहुतेक गाइडांत लिओन्तिएफ येतात आणि मुंबईचं काम गळतं.

दुसरा धागा अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांचा. जन्म मुंबईचा. स्टॉकहोमच्या वाणिज्य संस्थेत ओहलिन यांच्या नावाने व्याख्यानमाला सुरू झाली तेव्हा तिचं पहिलं पुष्प भगवती यांनी गुंफलं. विषय होता संरक्षणवाद.

मग त्यांना अयशस्वी म्हणायचं का?

सत्तेच्या मापाने मोजलं तर होय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण १९७५ साली आलेल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ 'समाजवाद्यांचा सुगीचा हंगाम हरवला' असा होतो. त्यात त्यांचा दावा आहे : मी सरकार बनवू शकलो नाही, पण राष्ट्रीयीकरणाची जी लाट १९४५ साली दाराशी होती ती घरात आली नाही. दावा थोडा फुगवलेला आहे असं मला वाटतं. शीतयुद्ध, चांगला चाललेला निर्यात व्यापार आणि स्वतः एर्लांडर यांचा सावधपणा यांनाही श्रेय द्यायला हवं. तरी १९४८ चा तो ५७ चा आकडा नसता तर समाजवाद्यांनी हात इतक्या लवकर आवरता घेतला असता का, याची मला शंका आहे.

एक गोष्ट त्यांना बघायला मिळाली. ऑक्टोबर १९७८ मध्ये लोकपक्षाचे ओला उल्स्टेन पंतप्रधान झाले, १९३२ नंतरचे पहिले उदारमतवादी. सरकार अल्पमतातलं, अवघ्या वर्षभराचं. ते चालू असतानाच, पुढच्या ऑगस्टमध्ये, ओहलिन वारले.

हे सगळं परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळतील?

नाही. चार मार्कांच्या टीपेत गृहीतकं, आकृती आणि लिओन्तिएफ यांचा विरोधाभास लिहा, वेळ पुरणार नाही. फक्त 'दोघांनी मिळून' लिहू नका, तिथे मी अर्धा मार्क कापतो.